पाडळसिंगी ते नारायणगाव

वाचकहो, आवडत्या फडाचा तमाशा पाहायला माणूस किती लांब जातो? आमच्या वाडवडिलांच्या वेळी गाडी जुंपून पाच-सात कोस जात. आम्ही 2025 च्या पाडव्याआधी सव्वादोनशे किलोमीटरवर गेलो, आणि तेही तमाशा पाहायला नव्हे, नुसता ठरवायला!

त्याचे असे झाले. गेवराई तालुक्यातील आमच्या गावची यात्रा चैत्रात भरते. दोन वर्षे पोरांनी डीजे आणला, म्हाताऱ्यांनी कानात बोळे घातले. यंदा जाणती मंडळी हटून बसली, की फड आणायचा, आणि तो नारायणगावचाच. घरटी पट्टी काढली. साल कोरडे, त्यामुळे पैसा बेताचाच जमला. जीपमध्ये एक जागा मोकळी होती. आई म्हणाली, "मी बी येते."

"म्हातारे, तिथं बायामाणसाचं काय काम?" आमच्या तात्यांनी विचारले.

"वाट माझ्या पायाखालची हाय," ती म्हणाली आणि जाऊन बसली.

ते खोटे नव्हते. 1972 च्या दुष्काळानंतर आमच्या घराने कोयता हाती घेतला. दसरा झाला की गाडीत भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरे घालून आईवडील याच रस्त्याने नगर जिल्ह्यातल्या कारखान्यावर जात. तुम्ही या वाटेने गेला नसाल तर एकदा जाच. पाडळसिंगीला सोलापूर-धुळे महामार्ग सोडून पश्चिमेला वळले, की हाच एक रस्ता पाथर्डी, नगर करीत थेट आळेफाट्याला आणि पुढे माळशेज उतरून कल्याणला जातो. खरवंडी कासारला आईने भगवानगडाच्या दिशेने हात जोडले. पाथर्डी ओलांडून करंजीचा घाट लागला, तेव्हा तिने जीप थांबवायला लावली. "इथं चाकाला दगड लावीत बैल चढवले," एवढेच म्हणाली. आम्ही मुकाट्याने चहा घेतला.

नगर (आता अहिल्यानगर) मागे पडले. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, बेल्हे गेले. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, तिथे दर्शन घेतले. बैलपोळा करणाऱ्या माणसाने तिथे न थांबता पुढे जाऊच नये, असे माझे मत आहे. मग दक्षिणेला वळून नारायणगाव. इकडे टोमॅटो आणि द्राक्षाचे मळे पाहून आमच्या मंडळींचे डोळे फाटले. पाणी असले म्हणजे काय होते, यावर तात्यांचे भाषण झाले. ते इथे देत नाही.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडवा जवळ आला की फडमालक इथे राहुट्या टाकून बसतात, आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. प्रत्येक राहुटीपुढे फडाच्या नावाचा फलक, आत सतरंजी, टेबलावर तारखांची वही. मोठ्या फडाची सुपारी लाखांत जाते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड याच गावचा. भाऊंची मुलगी विठाबाई. त्यांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि 2002 साली त्या हालाखीतच गेल्या. आज सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्यावर आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. आमच्याकडे उसाच्या फडात बाळंत होऊन चौथ्या दिवशी मोळी उचललेल्या बाया आहेत. त्यांना या गोष्टीचे नवल वाटत नाही.

आम्हांला हव्या असलेल्या फडाच्या राहुटीत गेलो. पंचमीची तारीख आधीच गेलेली. पैशाचेही जुळेना. व्यवस्थापक म्हणाला, "कलावंतांना उचल दिली आहे, सावकाराचं व्याज चालू आहे, कमी कसं करू?"

उचल शब्द ऐकला आणि आईने मान वर केली. "तुमच्यात बी उचल असती?"

कोपऱ्यात फडातली एक वयस्क बाई पान लावीत बसली होती. ती म्हणाली, "असती की. हंगामाआधी मालकाकडून घ्यायची, सात-आठ महिने फेडायची. फिटली नाही तर पुढच्या साली त्याच फडात."

"आमचं बी तसंच. मुकादम देतो."

मग दोघींचे जे सुरू झाले! पालात पाऊस शिरला तर काय करायचे, तापलेले लेकरू कुणाकडे ठेवायचे, शाळा कशी बुडते. 2020 आणि 2021 साली कोरोनाने यात्रा बंद झाल्या, तेव्हा घरातली भांडी विकल्याचे त्या बाईने सांगितले. आमच्या वडिलांनी कारखान्यावर या फडाचा तमाशा तीनदा पाहिला होता. आई मात्र पालात राहून लांबून ढोलकी ऐकायची, कारण पहाटे तीनला मोळ्या बांधायला उठायचे असे.

"एकदाबी पाह्यला न्हाई?" बाईने विचारले.

"न्हाई."

बाई उठून व्यवस्थापकाशी बोलली. मोठी सूट मिळाली, असे समजू नका. व्यवहार तो व्यवहार. पण पंचमीऐवजी सप्तमी घ्या, मधली मोकळी रात्र आहे, म्हणून पंधरा हजार कमी केले. तेवढ्याने आमचे भागले. दुसऱ्या दिवशीची हजेरीही कबूल झाली.

सप्तमीच्या रात्री गण झाला, गवळण झाली, मावशीने पेंद्याला आणि सगळ्या गावाला हसवले. पोरेही मागून पुढे सरकली. आई पहिल्या ओळीत पोत्यावर बसली होती, पदर डोक्यावर घेऊन. वग पहाटे संपला. मी म्हटले, "चल, आता झोप."

"थांब जरा," ती म्हणाली आणि घरून आणलेल्या भाकरीचे फडके घेऊन तंबूच्या मागे गेली.