डाइव्ह कॉम्प्युटर आणि माझी चाळिशी

माझा पहिला डाइव्ह कॉम्प्युटर मी दिसायला छान म्हणून घेतला. अंदमानात हॅवलॉकला 18 मीटर खाली गेल्यावर लक्षात आलं, की चाळिशी वर बोटीतच राहिली आणि पडद्यावरचे आकडे काही वाचता येत नाहीत! प्रशिक्षकाच्या मनगटाकडे बघत वर आलो. ते चूकच, कारण प्रत्येक जण किती खोल आणि किती वेळ होता, याचा हिशेब वेगळा असतो.

हे यंत्र खोली आणि वेळ यांवरून शरीरात किती नायट्रोजन विरघळला असेल, याचा अंदाज बांधतं. घाईने वर आलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, क्वचित पाय लुळे पडतात. तुमचं वय, वजन, कमी प्यायलेलं पाणी मात्र बहुतेक यंत्रांना कळत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी दोनच गोष्टी पाहिल्या. आकडे मोठे, ठळक हवेत आणि सुरक्षिततेची मर्यादा आणखी कडक करता यायला हवी. ती मी एक पायरी कडकच ठेवतो. बायकोला वेगळा घेतला. दोघांत एक चालत नाही.

लागोपाठ बुड्या मारल्यावर विमानाआधी किमान 18 तास थांबतो. त्यापायी एकदा तिकीट बदलावं लागलं, बदललं.