जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची जड झालेली रेस

जुन्या डिझेल वाहनाच्या प्रवेगकाचे, म्हणजे चालक आणि मिस्त्री ज्याला 'रेस' म्हणतात त्याचे, पेडल जड होणे ही तक्रार किरकोळ वाटली, तरी खुलताबादहून वेरूळकडे उतरणाऱ्या घाटात ती गंभीर ठरते. कारण पाय उचलल्यावरही पेडल वेळेत परत येत नाही, इंजिन चढ्या गतीवरच राहते आणि गाडी आवरण्याचा सगळा भार ब्रेकवर पडतो. पूर्वीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ मध्ये आणलेली टेम्पो ट्रॅव्हलर महाराष्ट्रात सहलीचे वाहन म्हणून रुळली. अशाच एका जुन्या गाडीत झोपण्याचे बाक, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून तिचे फिरते घर केल्यानंतर प्रस्तुत लेखकाला ही अडचण जाणवली, आणि तिची दुरुस्ती छत्रपती संभाजीनगरातील वाळूज रस्त्यालगतच्या एका लहान गॅरेजात झाली.

या रचनेत पेडल एका पिनीभोवती फिरते, त्याला जोडलेली पोलादी वायर नळीसारख्या आवरणातून सरकत डिझेल पंपाच्या, म्हणजे इंजिनाला मोजून इंधन देणाऱ्या पंपाच्या, लिव्हरपर्यंत जाते आणि पाय उचलताच स्प्रिंग सगळे मागे खेचते. दोष या मार्गावर कुठेही असला तरी पायाला तो सारखाच जाणवतो, म्हणून अंदाजाने तेल सोडणे किंवा अधिक ताठ स्प्रिंग लावणे हे उपाय व्यर्थ ठरतात. ताठ स्प्रिंगने तर पेडल आणखी जड होते. मिस्त्रीने दोन्ही टाळून आधी वायर पंपाकडून आणि मग पेडलकडूनही सोडवली. लिव्हर बोटाने सहज हलली, पेडल पिनीवर मोकळे फिरले, आणि अडथळा एकट्या वायरीत उरला. प्रत्येक भाग सुटा करून तपासण्याची ही शिस्त या दुरुस्तीचे खरे मर्म होय.

खरे कारण मात्र वायरीच्या वयात नव्हते. फिरते घर करताना मूळ तळावर प्लायवूड आणि आवाज शोषणारा जाड थर बसवला गेला होता. त्याने आवरण पत्र्याकडे रेटले जाऊन तिथे तीव्र वळण पडले होते, आत काही तारा तुटून त्यांची टोके आवरणाला घासत होती आणि जुन्या ग्रीसमध्ये रस्त्याची धूळ घट्ट बसली होती. वळणांचा एकूण कोन वाढला की वायरीचे घर्षण त्याहून वेगाने वाढते, त्यामुळे त्याच मार्गाने नवी वायर घातली असती तर तीही लवकरच अडली असती. उंचावलेल्या तळामुळे पेडल पूर्ण खाली जात नव्हते, म्हणून लिव्हरही कमाल खुणेपर्यंत पोचत नव्हती; चढावर गाडी मंदावण्याचा जो दोष सामानाच्या वजनाला दिला जात होता, त्याचा मोठा भाग इथे होता.

प्लायवूड तेवढ्या जागी कापून वायर ऐसपैस वळणाने नेण्यात आली. नव्या आवरणाला आतून नायलॉनचे अस्तर असल्याने ग्रीस घातले नाही. पेडल मोकळे असताना वायरीत किंचित ढील ठेवून लिव्हर मंद गतीच्या स्क्रूवर टेकते याची खात्री करण्यात आली, आणि पूर्ण दाबल्यावर ताण वायरीवर न येता पेडलखालच्या टेकूवर येईल अशी जुळणी झाली. कापलेल्या जागेवर कायमचे झाकण न ठोकता दोन स्क्रूंनी निघणारी फळी बसवली, जेणेकरून वायर पुढेही तपासता येईल.