थरथरणारें हृदय

गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गास रक्ताभिसरणाविषयीं शिकवीत असतां मागल्या बांकावरील एका मुलानें विचारलें, “सर, बंद पडलेलें हृदय विजेच्या झटक्यानें पुन्हां सुरू कसें होतें?” मीं कांहीं तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण हा प्रश्न माझ्याही मनांत फार दिवसांपासून होता, आणि त्याचें कारण घरचें होतें.

सन 2008 मध्यें एका रविवारीं सकाळीं, उपासनेस निघण्याच्या तयारींत असतां, माझे वडील सदऱ्याची गुंडी लावतां लावतां ओसरीवर कोसळले. आम्हीं तोंडावर पाणी शिंपडलें, नाकाशीं कांदा धरला, तळपाय चोळले, प्रार्थना केली. इस्पितळांत पोहोंचेपर्यंत पाऊण तास गेला. तेथील डॉक्टर हळूच म्हणाले, “हृदय एकदम थांबलें नसावें, आधीं तें बहुधा कांहीं वेळ थरथरत राहिलें असेल.” तो शब्द मनांत रुतून बसला. आम्ही ज्यास शांत झालेलें समजत होतों, तें आंतल्या आंत धडपडत होतें तर!

सुटींत ह्या विषयावर जें मिळालें तें मीं वाचून काढलें. त्यांतील कांहीं भाग त्या मुलासाठीं व इतरांसाठीं येथें मांडतों.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांस जवनिका म्हणतात. शरीरभर रक्त ढकलण्याचें काम त्यांचें. उजव्या कर्णिकेंतील एक लहानसा पेशीपुंज ठोक्याचा इशारा देतो. तो विजेच्या लाटेप्रमाणें एका पेशीकडून दुसरीकडे जातो, आणि जवनिकेंतील असंख्य पेशी जवळजवळ एकाच वेळीं आकुंचन पावतात. एकदां इशारा मिळालेली पेशी क्षणभर बहिरी होते. माणसाच्या जवनिकेंत हा काळ सेकंदाच्या सुमारें पाव भागाइतका असतो. हें बहिरेपण मोठें उपकारक आहे. त्यामुळें लाट मागें वळूं शकत नाहीं, पलीकडच्या कडेस जाऊन विझते. परंतु कोठें रक्त अडलें व कांहीं पेशी मंदावल्या, तर लाट आडवाटेनें वळसा घेऊन परत येते, तोंवर पहिल्या पेशी पुन्हां ऐकूं लागलेल्या असतात. मग लाट गोल फिरूं लागते, फुटते, एकीच्या अनेक होतात. प्रत्येक पेशी काम करीत असते, पण दुसरीच्या मेळानें नव्हे; आणि रक्त मुळींच पुढें सरकत नाहीं. ह्यालाच फिब्रिलेशन म्हणतात.

1850 सालीं लुडविग व होफा ह्या जर्मन संशोधकांनीं कुत्र्याच्या हृदयास वीज लावून हा प्रकार पाहिल्याचें प्रसिद्ध केलें. 1887 मध्यें स्कॉटलंडांतील ॲबर्डीन येथें मॅकविल्यम ह्यांनीं त्याचें सविस्तर वर्णन केलें; आणि माणसाला अकस्मात् येणाऱ्या मृत्यूचें कारणही हेंच असावें, असें त्यांनीं 1889 सालीं लिहून ठेविलें. त्या वेळीं तिकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं.

मला विशेष नवल वाटलें तें उंदराचें. त्याचें हृदय असें थरथरूं लागलें तर बहुधा आपोआप ताळ्यावर येतें. कुत्र्याचें किंवा माणसाचें सहसा येत नाहीं. 1914 मध्यें गॅरी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें थरथरणाऱ्या हृदयाचे तुकडे करून पाहिले. मोठे तुकडे थरथरतच राहिले, लहान तुकड्यांची थरथर थांबली. लाटेस गोल फिरावयास जागा हवी. उंदराच्या इवल्याशा हृदयांत ती पुरत नाहीं. आपलें हृदय मोठें, म्हणून आपणांवर हें संकट.

आतां झटक्याविषयीं. 1899 सालीं जिनीव्हा येथें प्रेव्हो व बातेल्ली ह्यांना आढळून आलें कीं, सौम्य विजेनें कुत्र्याचें हृदय थरथरूं लागतें, आणि तीव्र विजेनें तीच थरथर थांबते. म्हणजे झटका हृदय सुरू करीत नाहीं, तर गप्प करतो! तास नसतां वर्गांत चाळीस मुलें एकदम बोलूं लागतात, तेव्हां टेबलावर पट्टी आपटल्याबरोबर जी शांतता होते, तसेंच हें. बहुतेक पेशी एकदम बहिऱ्या होतात, फिरत्या लाटांस पुढें जावयास वाट राहत नाहीं, आणि त्या शांततेंत कर्णिकेंतील मूळ पेशीपुंजाचा आवाज पुन्हां ऐकूं येतो.

पण एवढ्यानें भागत नाहीं. कॉलेजांत आम्हीं बेडकाचें हृदय रिंगरच्या द्रावणांत ठेवून धडधडतांना पाहिलें होतें. रिंगर हे लंडनचे डॉक्टर. त्यांच्या प्रयोगशाळेंत ऊर्ध्वपातित पाण्याऐवजीं चुकून नळाचें पाणी वापरलें गेलें, आणि म्हणूनच हृदय चालत राहिलें; त्या पाण्यांत कॅल्शियम होतें, हें त्यांनीं 1883 सालीं दाखवून दिलें. प्रत्येक ठोक्यास पेशीच्या अंतर्भागीं कॅल्शियम सुटावें लागतें, आणि लगेच उचलून कोठारांत परत भरावें लागतें. भरण्याच्या ह्या कामास एटीपी हें इंधन खर्च होतें. थरथरणाऱ्या हृदयास स्वतःलाच रक्त मिळत नाहीं. इंधन सरत जातें, आम्ल सांचतें, पोटॅशियम बाहेर झिरपतें, कॅल्शियम आंत तुंबतें. अशा पेशींस झटक्यानें गप्प केलें तरी त्यांना ओढण्याचें बळ उरलेलें नसतें. मात्र वेळेवर रक्त पोहोंचलें तर पेशींतील तंतुकणिका पुन्हां एटीपी बनवूं लागतात, कॅल्शियम कोठारांत जातें, पोटॅशियम आंत ओढलें जातें, आणि जी पेशी गेली असें वाटत होतें ती आकुंचन पावूं लागते.

1947 मध्यें अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें चौदा वर्षांच्या एका मुलावर, म्हणजे तुमच्याच वयाच्या, छातीची शस्त्रक्रिया चालली असतां त्याचें हृदय असेंच थरथरूं लागलें. डॉक्टर बेक ह्यांनीं तें हातांत धरून बराच वेळ दाबत ठेविलें. मग विजेचे दोन झटके दिले, आणि मुलगा वांचला. त्यापूर्वीं हा उपाय त्यांनीं कुत्र्यांवर करून पाहिला होता. पुढें बाल्टिमोर येथें कुत्र्यांवर प्रयोग चालले असतां छातीवर जोरानें दाब पडला कीं रक्तदाब वर चढतो असें दिसलें. त्यांतूनच छाती न उघडतां वरून दाबण्याची रीत 1960 सालीं जगापुढें आली. ह्या मुक्या जनावरांविषयीं वाचतांना मन कष्टी होतें, हें लपवीत नाहीं.

1960! माझे वडील गेले ते 2008 सालीं. रीत तेव्हां अठ्ठेचाळीस वर्षांची जुनी होती, आणि शास्त्राचा पदवीधर असून ती मला ठाऊक नव्हती. आम्हीं प्रार्थना केली त्यांत चूक झाली असें मी म्हणत नाहीं. हात मात्र रिकामे होते.

गेल्या डिसेंबरांत शाळेच्या सभागृहांत एका परिचारिकाबाईंनीं रबरी पुतळ्यावर ही रीत शिकविली, तेव्हां तो मागल्या बांकावरचा मुलगा व मी, दोघेही शिकलों. छातीच्या मधोमध तळहात ठेवून, कोपर न वांकवितां, मिनिटास शंभर ते एकशें वीस वेळां, सुमारें दोन इंच खोल दाबावयाचें. दोन मिनिटांतच माझे हात भरून आले, तेव्हां बाईंनीं दुसऱ्यास पुढें बोलाविलें. पाळीपाळीनेंच करावें लागतें, म्हणाल्या. त्या रविवारीं आमच्या ओसरीवर आम्ही पांच जण होतों.