रायपूर : लेकरांच्या सणांचे गाव

हावड्याकडे जाणारी गाडी नागपूर सोडते. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्टेशने मागे पडतात आणि पाचेक तासांत रायपूर येते. मराठी माणसाला हे शहर फारसे परके वाटत नाही. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. आजही चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ नांदते आहे. पर्यटक इथे उतरून सिरपूरची विटांची देवळे आणि राजिमचा संगम पाहायला जातात. पण श्रावणाच्या वद्य पक्षात जो येईल, त्याला खुद्द रायपुरात काही वेगळेच पाहायला मिळते. हे दिवस असतात घरच्या लहान लेकरांचे.

वद्य षष्ठीला इथे ‘कमरछठ’ असते. बलरामाचा जन्मदिवस म्हणून तिला हलषष्ठी असेही म्हणतात. मुलांच्या आयुष्यासाठी आया या दिवशी उपवास करतात. नांगरलेल्या जमिनीत पिकलेले काही खायचे नाही, नांगरटीवर पाऊलही टाकायचे नाही, असा नेम. मग खायचे काय? तळ्याकाठी, खाचरात आपोआप उगवणारा ‘पसहर’ तांदूळ, सहा तऱ्हेच्या भाज्या आणि म्हशीचे दूध-दही. गायीचे दूध चालत नाही. एरवी कोणी विचारत नाही असा हा तांबूस तांदूळ त्या आठवड्यात गोलबाजारात चांगल्या तांदळाहूनही महाग विकला जातो.

दुपारी गल्लीतल्या बायका अंगणात दोन छोटे खड्डे खणतात. त्यांना ‘सगरी’ म्हणतात. त्यात पाणी भरायचे, काठावर काशाची फुले आणि बोरी-पळसाच्या डहाळ्या खोचायच्या आणि भोवती बसून सहा कहाण्या ऐकायच्या. पूजा आटोपली की आई घरी येते, कापडाची घडी भिजवते आणि लेकराच्या पाठीवर हळूच सहा वेळा थोपटते. याला ‘पोता मारणे’ म्हणतात. नोकरीला लागलेला मिशीवाला मुलगाही यासाठी आईपुढे मुकाट्याने पाठ करून उभा राहतो!

पुढे अमावस्येला येतो पोळा. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन निघतात, तसे इथे मुलगे चाकांवरचा मातीचा ‘नंदिया बैला’ दोरीने ओढत फिरतात. मुलींसाठी ‘जाता-पोरा’ म्हणजे मातीचे जाते, चूल, इवलीशी भांडी. घरोघर बेसनाची खारी ठेठरी आणि गूळ-कणकेची खुरमी तळली जाते. याच अमावस्येला आपल्याकडच्या आया पिठोरीचे व्रत करतात. सीमा बदलली तरी काळजी तीच.

भाच्याच्या पाया पडणारा मामा

रायपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर चंदखुरी गाव आहे. तिथे तळ्याच्या मधोमध कौसल्येचे देऊळ आहे आणि तिच्या मांडीवर बाळ राम. हा प्राचीन दक्षिण कोसल, म्हणजे कौसल्येचे माहेर, अशी इथली श्रद्धा. म्हणून राम साऱ्या छत्तीसगडचा भाचा! या नात्यातून एक गोड रीत चालत आली आहे. इथे भाचा मामाच्या नव्हे, मामाच भाच्याच्या पाया पडतो. रांगत्या बाळापुढे पन्नाशीचा मामा वाकतो, तेव्हा पाहुण्याला गंमत वाटते. घरच्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

मूल जन्मण्याआधीपासूनच कौतुक सुरू होते. सातव्या महिन्यात माहेरची माणसे सात प्रकारचे पदार्थ घेऊन येतात, ती ‘सधौरी’. बाळ सहा दिवसांचे झाले की ‘छट्ठी’. बाळंतिणीला औषधी काष्ठे, सुंठ आणि गूळ उकळून ‘कांके पानी’ देतात. शेजारपाजारच्या बायकाही ते प्यायला येतात आणि सोहर गातात. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाईची पूजा करून रात्र जागवतात, त्याचीच ही बहीण.

सहावाच दिवस का?

नुसत्या आपल्याच देशाची ही गोष्ट नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्येही बाळाचे नाव लगेच ठेवत नसत. मुलीचे आठव्या, तर मुलाचे नवव्या दिवशी शुद्धी करून ठेवत. मुलाच्या गळ्यात ‘बुल्ला’ नावाचा ताईत बांधत. पाळण्याची राखण करणारी कुनिना नावाची देवी होती. चाकांवर चालणारे मातीचे प्राणी रोमन मुलेही खेळत. तिथे चारातले एक मूल तरी पहिला वाढदिवस पाहत नसे, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

पहिला आठवडा सगळीकडेच भीतीचा. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली तर धनुर्वाताचे जंतू शिरतात आणि रोगाची लक्षणे बहुधा त्या आठवड्याच्या अखेरीस दिसतात. आजीला जंतू ठाऊक नव्हते. ते दिवस मात्र नेमके ठाऊक होते. म्हणूनच जागरण, म्हणूनच बायकांचा गराडा. गर्भवतींना दिलेल्या लसी आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे बाळांचा हा धनुर्वात भारतातून दूर झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

छत्तीसगडने यात एक सुंदर भर घातली. इथे दोन मैत्रिणी विधीपूर्वक जन्माची मैत्री जोडतात, तिला ‘मितानिन’ म्हणतात. राज्य स्थापन झाल्यावर २००२ मध्ये सुरू झालेल्या आरोग्य योजनेला हेच नाव दिले गेले. पाड्यातल्या लोकांनीच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिने शिकून घरोघर जायचे. बाळ जन्मले की मितानिन येते, पहिल्या तासात अंगावर पाजायला लावते, बाळाला गुंडाळून ऊबेत ठेवायला सांगते, ताप-जुलाबावर लक्ष ठेवते. साठ हजारांहून अधिक बायका या कामात उतरल्या. २००५ मध्ये देशभर ‘आशा’ योजना आली, तेव्हा हा अनुभव उपयोगी पडला. पूर्वी छट्ठीला शेजारीण येत असे. आता ती पहिल्याच दिवशी येते, आणि काय करायचे हे शिकून येते.

रायपूरला जायचे तर श्रावण वद्य षष्ठी ते अमावस्या हे नऊ-दहा दिवस निवडावेत. कमरछठ आणि पोळा दोन्ही साधतील. सकाळी चंदखुरीला जाऊन यावे, संध्याकाळी गोलबाजारात फिरावे. नातवंडांसाठी नंदिया बैला आणि जाता-पोरा जरूर घ्यावा. माल कच्च्या हातचा, चाके लगेच निखळतात. तेव्हा पेंढ्यात नीट गुंडाळून घ्यायला मात्र विसरू नये.