पटाच्या रेघेवर

गेल्या संक्रांतीस पुण्याहून आमची नात आली, ती एकटी आली नाहीं. तिच्याबरोबर एक कुत्रा आला. कुत्राहि कोणा विलायती कुळांतला नव्हे. पुण्याच्या रस्त्यावर सांपडलेला, पिवळसर अंगाचा, एक कान उभा व एक पडलेला. नांव मात्र विलायती, ‘बिस्किट’! ‘सोंवळ्याच्या वाटेंत हें ध्यान येतां कामा नये,’ असा हुकूम आमच्या घरांतून पहिल्याच दिवशीं सुटला. आणि तिसऱ्या दिवशीं त्याच हातांनीं बिस्किटाचा दूधभात वेगळा कालविला जाऊं लागला. आम्हीं अडतीस वर्षें पोरें शिकविलीं, पण परक्या घरांत शिरून तें आपलेंसें करण्याची ही विद्या आम्हांस कधीं साधली नाहीं.

हा कुत्रा एक खेळ खेळतो. त्यास ‘ॲजिलिटी’ म्हणतात. आपण चपळाईची शर्यत म्हणूं. आडव्या दांड्यांवरून उड्या, कापडी बोगद्यांतून धांव, ओळीनें रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वाट, डुलत्या फळीवरून चढउतार, हें सारें ठरल्या क्रमानें व घड्याळ लावून करावयाचें. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून ही कल्पना निघाली, आणि १९७८ सालीं लंडनमधील ‘क्रफ्ट्स’ या श्वानप्रदर्शनांत, मधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठीं, ती प्रथम लोकांपुढें आली. आतां ती देशोदेशीं खेळली जाते. मैदानाच्या आंत गेल्यावर मालकानें कुत्र्यास हात लावावयाचा नाहीं, खाऊ दाखवावयाचा नाहीं. आपला आवाज, हाताची खूण आणि आपलें धांवणें, एवढ्यावरच सारा कारभार.

अंगणांत नातीनें बादल्यांवर वेळू आडवे ठेविले, तुळशीवृंदावनाभोंवतीं काठ्या रोविल्या, आणि बिस्किटानें तो सगळा फेरा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों पुरा केला. आम्हीं वाहवा केली. तरी तिचा चेहरा उतरलेलाच. ती म्हणाली, “आजोबा, घरीं हा असा वाघ. पण स्पर्धेच्या दारांतून आंत पाऊल टाकलें कीं जमीन हुंगत बसतो, जांभया देतो, माझ्याकडे पाहतच नाहीं. दोनदां असें झालें. लोक हंसतात.”

“अभ्यास कमी पडला असेल,” आम्हीं तत्काळ निकाल दिला. “आणि थोडा धाकहि हवा.”

ती कांहीं बोलली नाहीं. कुत्र्याच्या पडलेल्या कानामागें खाजवीत राहिली.

त्याच आठवड्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें बोलावणें आलें. धामणगांव रेल्वे तालुक्यांत त्याची शेती आहे; कापूस, तूर, आणि गोठ्यांत जिवापाड जपलेली गवळाऊ बैलांची जोडी. जवळच्याच एका लहान गांवीं शंकरपट होता आणि त्यांत त्याची जोडी धांवणार होती. “गुरुजी, पाहाले या,” एवढाच निरोप. नात म्हणाली, “मीहि येतें.” नात निघाली म्हणजे बिस्किट निघालाच.

वऱ्हाडाबाहेरील वाचकांसाठीं सांगावयास हवें कीं, शंकरपट म्हणजे आमच्याकडील बैलांची शर्यत. हलक्या छकड्यास जोडी जुंपावयाची, वर एकच धुरकरी, आणि सरळ आंखलेल्या वाटेवर कांहीं सेकंदांचा खेळ. त्याच तालुक्यांतील तळेगांव दशासरचा पट सर्व विदर्भांत नांवाजलेला आहे. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें अशा शर्यती बंद झाल्या. २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें तात्पुरती मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. आतां जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वाट हजार मीटरांहून लांब नसावी, आणि काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका यांपैकीं कशाचाहि प्रयोग बैलावर करूं नये, असा नियम आहे. मुक्या जनावरास शर्यतींत उतरवावें कीं नाहीं, याविषयीं आमच्या मनाचा निकाल अजून झालेला नाहीं. परंतु पराणीची आर बैलाच्या पुठ्ठ्यांत रुततांना आम्हीं लहानपणीं पाहिली आहे, आणि तिला बंदी झाली याचा आम्हांस आनंद आहे.

आम्ही आदल्या दिवशींच त्याच्या शेतावर गेलों. जोडींतला थोरला बैल अनेक पट पाहिलेला. धाकटा नवा, गर्दीस बुजणारा. नातीनें आपल्या कुत्र्याची कहाणी सांगितली, तेव्हां तो गृहस्थ हंसला नाहीं. त्यानें तिला गोठ्यांत नेलें आणि धाकट्याच्या शिक्षणाचा सारा क्रम सांगितला. पहिले दोन महिने त्याला पटाकडे नेलेंच नाहीं. दूर, बांधापलीकडे, घरचा मुलगा डफडें वाजवी, आणि इकडे बैलापुढें सरकीची ढेप पडे. रोज डफडें दहा पावलें जवळ येई. ज्या दिवशीं बैलानें ढेपेवरून तोंड उचललें, त्या दिवशीं डफडें पुन्हां मागें. पुढें त्याला गांवोगांवच्या पटांस नेलें, तें धांवण्यासाठीं नव्हे. कडेला थोरल्याच्या शेजारीं उभें राहावयाचें, चारा खावयाचा आणि घरीं यावयाचें. मग रिकाम्या दिवशीं रिकाम्या वाटेवरून सावकाश एक फेरी. जुंपतांना रोज मानेवर तोच हात आणि कानांत तोच एक शब्द.

“ताई, एक खूण ध्यानात ठेव,” तो नातीस म्हणाला. “जनावरानं घास घेतला नाई, त समज का त्याले भेव लागून रायलं. तवा शिकवू नको, तिथून मांगं घे. अन् पयले आपला हात तपास. मालकाचा हात थरथरला का दोरीतून थे बैलाले समजते.”

“पण आमच्या खेळांत दोरीच नसते,” नात म्हणाली.

“दोरी नसली त काय झालं? थो तुयाकडंच पायते ना!”

रात्रीं ओसरीवर पडल्यापडल्या आम्हांस आमची स्वतःची विद्या आठवली. महाभारताच्या वनपर्वांत नल राजा बाहुक या नांवानें ऋतुपर्णाचा सारथि होऊन अयोध्येहून विदर्भांत कुंडिनपुरास येतो. तें कुंडिनपुर म्हणजे आमच्याच जिल्ह्यांतील, तिवसा तालुक्यांतलें, वर्धा नदीच्या कांठचें कौंडण्यपूर, असें परंपरा मानते. एका दिवसांत एवढा पल्ला गांठावयाचा, आणि राजा रथावर चढतो तोंच घोडे गुडघ्यांवर खालीं येतात! तेव्हां अश्वविद्येंत निष्णात असा नल त्यांच्यावर चाबूक उगारीत नाहीं. तो घोड्यांचें सांत्वन करतो, आणि मग रथ वाऱ्यासारखा सुटतो. हा प्रसंग आम्हीं मुलांना कितीदां शिकविला असेल! त्या सांत्वन करण्याच्या धातूचें परोक्षभूतकाळाचें रूप आम्हीं त्यांच्याकडून घोटून घेतलें. सारथ्यानें आधीं सांत्वन कां केलें, हें मात्र एकदांहि विचारलें नाहीं. ग्रीसमधील झेनोफन यानें सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं घोड्यांविषयीं लिहिलेल्या ग्रंथांतहि हेंच तत्त्व आहे. बुजलेल्या घोड्यास मारून पुढें लोटलें तर त्याची भीति वाढतेच, कारण तो मारहि त्या भयंकर वस्तूमुळेंच मिळाला असें त्यास वाटतें; म्हणून स्वारानें आधीं स्वतः त्या वस्तूस हात लावावा, आणि मग घोड्यास हळुवारपणें तिच्याजवळ न्यावें.

दुसऱ्या दिवशीं पटावर माणसांचा समुद्र. धूळ, डफडीं, कर्ण्यांवरून चाललेली नांवांची पुकार. आमच्या विद्यार्थ्याचा मुलगा छकड्यावर, आणि तो स्वतः बैलांच्या तोंडाशीं. जोडी रेघेवर आली. थोरला शांत होता. धाकट्यानें मात्र कान मागें टाकले, डोळे विस्फारले आणि पुढचे पाय मातींत रोवले. मालकानें मानेवर हात ठेवून नेहमींचा शब्द उच्चारला. मग कमरेच्या पिशवींतून चिमूटभर ढेप काढून तोंडापुढें धरली. बैलानें ती हुंगली देखील नाहीं.

गर्दींतून कोणी ओरडलें, “ठेवून दे एक पाठीत!” मागची जोडी खोळंबली होती. पैसे भरलेले, नांव पुकारलेलें, पांच गांवांचीं माणसें पाहत होतीं. आमच्या विद्यार्थ्यानें पंचांकडे हात केला व म्हटलें, “जोडी परत.” आणि सगळ्यांच्या हंशांतून, मानेवरचा हात न काढतां, तो आपली जोडी आल्या वाटेनें सावकाश घेऊन गेला. पन्नास पावलांवर धाकट्यानें कान हालविले. तेथें पुन्हां ढेप पुढें झाली, आणि ती त्यानें घेतली.

आम्हांस मात्र तेथें उभें राहवेना. आमच्या डोळ्यांपुढें दुसरेंच मैदान आलें होतें.

१९८७ सालची गोष्ट. अकोल्यास संस्कृत पाठांतराची स्पर्धा होती. आम्ही तेव्हां तिशीच्या आंत होतों, आणि हाच विद्यार्थी तेरा वर्षांचा होता. खेड्यांतून शिकावयास आलेलें पोर, पण उच्चार असे स्वच्छ कीं ऐकणाऱ्यानें थक्क व्हावें. गीतेचा पंधरावा अध्याय त्यास मुखोद्गत होता. बडनेऱ्याहून आगगाडीनें आम्हीं त्यास नेलें, आणि वाटभर एकच पालुपद चालविलें: “शाळेची अब्रू तुझ्या हातीं आहे.” आईनें बांधून दिलेल्या दशम्यांस त्यानें हात लावला नव्हता, हें आम्हीं पाहिलें होतें. व्यासपीठाच्या पायरीशीं तो हळूच म्हणाला, “गुरुजी, पोटात कसंतरी होते.” आम्हीं त्याच्या दंडास चिमटा काढला, “नाटकें करूं नकोस,” म्हटलें, आणि त्यास वर ढकललें.

तिसऱ्या श्लोकावर तो अडखळला. त्यानें आधारासाठीं आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हीं डोळे वटारले. जें आठवत होतें तेंहि त्या क्षणीं गेलें. परतीच्या गाडींत मूर्तिजापूर येईपर्यंत आम्ही त्याच्याशीं बोललों नाहीं, मग बोललों तें एवढेंच, “नाक कापलेंस.” त्यानंतर तो कधीं कोणत्याहि व्यासपीठावर चढला नाहीं. पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. ‘शेतकऱ्याचें पोर, दुसरें काय होणार,’ असें आम्ही शिक्षकांच्या खोलींत म्हटल्याचेंहि आम्हांस स्मरतें. तें येथें लिहितांना लाज वाटते; परंतु गाळलें तर कबुली अर्धीच राहील.

त्या संध्याकाळीं गोठ्याशीं आम्हीं विषय काढला. “अकोल्यास त्या दिवशीं...” एवढेंच म्हटलें, आणि पुढचें वाक्य सांपडेना. तें त्यानेंच पुरें केलें.

“गुरुजी, मले पाठ होतं. आजबी हाये. तुमी फक्त म्हनले असते का चाल बाबू, आज घरी जाऊ, त मी पुढच्या साली पुन्हा उभा रायलो असतो.”

आवाजांत रोष नव्हता. धाकट्याच्या अंगावरून हात फिरवीत त्यानें तें सहज सांगितलें. रोष असता तर तें ऐकणें सोपें गेलें असतें. आम्हीं म्हटलें, “अपराध आमचा होता.” विद्यार्थ्यास असें म्हणण्याचा आयुष्यांतला हा पहिलाच प्रसंग. तो पायांस हात लावण्यास वांकला, तो हात आम्हीं मध्येंच धरला, आणि कांहीं वेळ धरूनच ठेविला. नात बिस्किटास घेऊन बाजूस उभी होती. ‘थोडा धाकहि हवा’ हे आमचे शब्द तिला आठवत असतील, या विचारानें आम्हीं तिच्याकडे पाहण्याचें टाळलें.

पुण्यास गेल्यावर तिनें शर्यत बाजूस ठेविली. दर रविवारीं ती बिस्किटास निरनिराळ्या मैदानांच्या दारापर्यंत नेई, तेथें त्यास एक घांस देई, आणि परत फिरे. घांस घेतला नाहीं तर दहा पावलें मागें येऊन पुन्हां देई. पुढें दारांतून आंत आणि लगेच बाहेर. मग एक उडी आणि बाहेर. आपण स्वतः श्वास रोखून धरतों, हेंहि तिला त्याच वेळीं उमगलें. फाल्गुनांत एका स्पर्धेंत दोघे उतरलीं. तिचा फोन आला, “आजोबा, एक दांडी पडली, वेळहि फार लागला, नंबर नाहीं. पण आंत गेल्याबरोबर त्यानें माझ्याकडे पाहिलें. आणि शेवटपर्यंत शेपूट वर होतें.” धामणगांवाकडील वर्तमान असें कीं, धाकटा बैल अजून रेघेपर्यंत जातो, ढेप खातो आणि घरीं येतो. मालकास घाई नाहीं.

आम्ही मात्र फार उशिरां शिकलों. ज्यास परत फिरण्याची मुभा आहे, तोच निर्भयपणें पुढें पाऊल टाकतो. घरीं केलेला अभ्यास कितीहि पक्का असो, दाराशीं तो टिकतो तो सोबतच्या माणसाच्या भरंवशावर. आणि तो भरंवसा आयत्या वेळीं चिमट्यानें किंवा डोळे वटारून उत्पन्न होत नाहीं. तो आधींच्या अनेक लहान लहान फेऱ्यांत, घांसाघांसानें, सांठवावा लागतो.

परीक्षांचे दिवस दरसाल येतात. एकत्र कुटुंबांत कोणी ना कोणी मूल कोठल्या तरी रेघेवर उभें असतेंच, आणि त्यास पुढें लोटावयास आजोबांपासून काकांपर्यंत हात पुष्कळ असतात. त्या सकाळीं त्याला घराण्याच्या अब्रूची आठवण करून देण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं एकच गोष्ट करावी. त्याच्या पानाकडे पाहावें, आणि त्यानें घांस घेतला आहे कीं नाहीं, एवढें बघावें.