नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

खाते उघडताना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असा : "साहेब, वारस कोणाला लावू?" अर्जावर त्या रकान्यात 'नामनिर्देशन' असे छापलेले असते, बँकेतील कर्मचारी 'नॉमिनी' म्हणतात आणि खातेदार मात्र 'वारस लावणे' म्हणतो. या तीन शब्दांपैकी तिसरा बोलायला सर्वांत सोपा. आणि चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर माझे मत असे झाले आहे, की तोच सर्वांत घातक आहे. वारस कोणी लावत नसतो. तो कायद्याने ठरतो किंवा मृत्युपत्राने ठरतो. त्या रकान्यात आपण लिहितो ते एवढेच, की आपल्या पश्चात हे पैसे कोणाच्या हाती द्यावेत.

हिशेबाच्या बाबतीत आपल्या समाजाला कोणी काही शिकवावे, अशी परिस्थिती नाही. रोजमेळ जुळल्याखेरीज दुकानाला कुलूप न लावणारी माणसे मी पाहिली आहेत. चार आण्यांचा फरक शोधण्यासाठी रात्री साडेअकरापर्यंत खतावणी चाळणारे मुनीमजीही पाहिले आहेत. त्याच माणसांच्या पीपीएफच्या पासबुकात नॉमिनी म्हणून बारा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या वडिलांचे नाव असते, किंवा रकाना कोराच असतो. उधारीची एवढी काळजी घेणारा माणूस स्वतःच्या शिलकीबाबत इतका निष्काळजी कसा, याचे मला नोकरीत असताना नवल वाटे आणि आजही वाटते.

एक प्रकरण मला तपशिलासह आठवते. जिल्ह्याच्या गावी माझ्या शाखेत दोन भावांच्या भुसार दुकानाचे खाते होते. धाकट्या भावाने १९९१ साली, लग्नापूर्वी, पीपीएफ खाते उघडले आणि नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचे नाव दिले. त्या वयात ते स्वाभाविकच होते. पुढे लग्न झाले, दोन मुली झाल्या, पासबुके बदलली, रकान्यातील नाव तेच राहिले. २००५ साली हृदयविकाराने तो अचानक गेला. मृत्युपत्र नव्हते. खात्यात साडेसहा लाखांच्या आसपास शिल्लक होती. थोरल्या भावाने मृत्यूचा दाखला व अर्ज दिला, कागदपत्रे बिनचूक होती, आणि आम्ही रक्कम त्यांना अदा केली. त्या वेळी लागू असलेल्या १९६८ च्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी कायद्यानुसार बँकेला तेच करणे भाग होते.

महिनाभराने त्या भावाची पत्नी धाकट्या मुलीला घेऊन शाखेत आली. आवाज न चढवता तिने विचारले, "साहेब, ह्यांच्या पैशावर माझं आणि पोरींचं काहीच नाही का?" मी म्हणालो, "वहिनी, बँकेच्या काऊंटरवर नाही. पण कायद्यात आहे." हे वाक्य तिला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. तोच अर्धा तास आज वाचकांकडे मागतो आहे.

पीपीएफ, सुकन्या समृद्धी, ज्येष्ठ नागरिक बचत योजना ही खाती बँकेत उघडता येत असली तरी ती बँकेची नव्हेत. पैसे केंद्र सरकारकडे असतात, बँक किंवा टपाल कार्यालय केवळ मध्यस्थ. त्यामागचा मूळ कायदा १८७३ चा, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. पुढे बचत प्रमाणपत्रांसाठी १९५९ चा आणि पीपीएफसाठी १९६८ चा असे आणखी दोन कायदे झाले. २०१८ च्या वित्त कायद्याने हे तिन्ही एकत्र केले आणि जुन्या कायद्याला 'सरकारी बचत प्रोत्साहन कायदा, १८७३' असे नवे नाव दिले. साल तेवढे जुनेच राहिले. मला ते आवडते. दीडशे वर्षांची पेढी नवी पाटी लावून चालू राहावी तसे ते वाटते.

त्या जुन्या इंग्रजी कायद्याच्या मसुद्यात एक व्यवहारचातुर्य होते. नियमानुसार एकदा पैसे दिले की कार्यालय जबाबदारीतून मुक्त. परंतु मृताच्या इस्टेटीचा कायदेशीर प्रतिनिधी, पैसे घेणाऱ्याकडून, मृताची देणी भागवून उरलेली रक्कम वसूल करू शकतो, हा त्याचा हक्क अबाधित. म्हणजे 'पैसे कोणाच्या हाती द्यायचे' आणि 'पैसे कोणाचे' हे दोन प्रश्न कायद्याने सुरुवातीपासूनच वेगळे ठेवले होते. पहिल्याचे उत्तर खिडकीवर मिळते. दुसऱ्याचे घरात मिळाले तर उत्तम, नाही तर न्यायालयात.

सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद वारंवार सांगितला. डिसेंबर १९८३ मध्ये विमा पॉलिसीच्या एका प्रकरणात पत्नी नॉमिनी असूनही मृताच्या आईचा व मुलाचा हिस्सा मान्य झाला. २००० साली राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांच्या बाबतीत, २०१० साली बँकेतील ठेवींच्या बाबतीत आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत तेच तत्त्व पुन्हा मांडले गेले : नॉमिनी रक्कम स्वीकारतो, ती वारसांसाठी. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने चित्र पालटले आहे. तेथे आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर ती लाभाची धनी मानली जातात. म्हणून विम्याचा नियम बचत खात्याला लावू नये आणि बचत खात्याचा विम्याला लावू नये.

सरकारी बचतीबाबत एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. २०१८ ची दुरुस्ती आली तेव्हा अर्थ मंत्रालयाने निवेदन काढले, की कायद्याची तरतूद व न्यायालयाचा निकाल यांत वाद निर्माण होत असल्याने नॉमिनीचा हक्क आता अधिक स्पष्ट केला आहे. त्यावरून 'आता नॉमिनीच मालक' असा सरसकट अर्थ काही मंडळी सांगत फिरतात. मी तसा सल्ला कोणालाही देत नाही. जेथे शब्दांवर दोन वकील उभे राहू शकतात, तेथे आपल्या मागे राहणाऱ्या बाईने त्या शब्दांच्या भरवशावर बसू नये. ज्याला पैसे मिळावेत असे वाटते त्याचेच नाव रकान्यात लिहावे आणि तेच मृत्युपत्रातही लिहावे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नये, एवढे पथ्य पाळावे.

आता वारस कोण, ते पाहू. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीवर पहिला हक्क वर्ग एकच्या वारसांचा. त्यांत विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे हिस्से. वडील या वर्गात नाहीत आणि भाऊ तर नाहीतच. आई आहे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा संपत नाही, हे मात्र आता सर्वांना माहीत आहे. माहीत असूनही गृहीत धरले जात नाही, ही निराळी गोष्ट.

त्या भुसार व्यापाऱ्यांच्या घरी हिशेब असा होता : विधवा, दोन मुली आणि भावांची आई, असे चार समान वाटे. थोरल्या भावाचा वाटा शून्य. तो माणूस लबाड नव्हता. घर एकत्र, चूल एक. त्याने रक्कम पेढीत आणली आणि मुनीमजींनी ती सहजपणे त्याच्या भांडवल खात्याला जमा केली. त्या एका जमा-नोंदीने सहा वर्षे घात केला. २०११ मध्ये पेढी वेगळी करायची वेळ आली तेव्हा वह्या उघडल्या, आणि थोरल्याच्या भांडवलात ही रक्कम दिसली. "हे माझ्या नावावर आले होते," असे तो प्रामाणिकपणेच म्हणाला. त्याच्या मते नॉमिनी म्हणजे वारस. बँकेने पैसे दिले, सही घेतली, आणखी काय हवे?

तेव्हा त्यांच्या आईंचे वय ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी बँकेतून रक्कम अदा केल्याचे पत्र मागवले, वकिलांकडून वाट्यांचा कागद करून घेतला आणि थोरल्या मुलाला समोर बसवून सांगितले, की यातला माझा वाटा मी दोन नातींना लिहून देते, आता तुझा निर्णय तू कर. रक्कम परत जमा झाली. सहा वर्षांच्या व्याजाचा विषय निघाला नाही. तो निघायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. जो व्यापारी बाहेरच्या माणसाकडून महिन्याचे व्याज सोडत नाही त्याने भावजयीच्या पैशाचे सहा वर्षांचे व्याज विसरू नये. दोन्ही घरांतले जाणे-येणे पूर्वीसारखे झाले नाही, असे मी ऐकून आहे.

व्यापारी कुटुंबांसाठी आणखी काही बाबी. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर त्याच्या चालू खात्याला नामनिर्देशन करता येते. भागीदारी पेढीच्या किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्याला करता येत नाही. अविभक्त कुटुंबाच्या नावाने पीपीएफ उघडणे १३ मे २००५ पासून बंद आहे. पीपीएफची शिल्लक धंद्यातील देण्यासाठी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जप्त होऊ शकत नाही, हे संरक्षण २०१८ नंतरही कायम आहे. बाजार बसला, सगळे गेले, तरी ही एक रक्कम राहते. म्हणूनच ती कोणाच्या हाती पडणार याची काळजी अधिक घ्यावी.

नामनिर्देशनच नसेल तर? सरकारी बचत योजनांत पाच लाखांपर्यंतची रक्कम, मृत्यूनंतर सहा महिन्यांत कोणी प्रोबेट किंवा वारस दाखला आणला नाही तर, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांचे हक्कसोड पत्र घेऊन दावेदाराला देता येते. त्यापुढच्या रकमेला न्यायालयाचा दाखला लागतो. त्यातील खर्चापेक्षा वेळ जाचक. आणि हक्कसोड पत्रावर सही मागायला परगावच्या नणंदेकडे गेले, की जुने सगळे हिशेब निघतात. कोणालाच खात्याची माहिती नसेल तर रक्कम तशीच पडून राहते, आणि निष्क्रिय ठरल्यानंतर सात वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. बँकेच्या स्वतःच्या ठेवींची मुदत दहा वर्षांची, निधी वेगळा. दोन्हींकडून पैसे मागता येतात. पण ज्याला खाते होते हेच ठाऊक नाही तो मागणार काय?

बदल करणे आता फारसे कष्टाचे राहिलेले नाही. सरकारी बचत खात्यात नॉमिनी बदलण्यासाठी पन्नास रुपये आकारले जात, ते एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाले. बँकेतील ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते; प्रत्येकाचा टक्का ठरवून किंवा एकापाठोपाठ एक अशा क्रमाने. लॉकरसाठी मात्र क्रमानेच. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी आणि पासबुकात नवे नाव छापून आले की नाही ते स्वतः वाचावे. दिवाळीत वहीपूजनासाठी सगळी पुस्तके एकत्र येतात, तेव्हा पासबुकांचे ते पहिले पानही उलटावे.

मुलीचे नाव नॉमिनी म्हणून माहेरच्या आडनावाने लावले असेल आणि लग्नानंतर तिच्या आधार कार्डावर नाव बदलले असेल, तर नामनिर्देशन रद्द होत नाही. पण दावा करताना ती हीच व्यक्ती, हे तिला विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्राने सिद्ध करावे लागते. अर्जात नॉमिनीची जन्मतारीख व नाते लिहायचे रकाने असतात. ते बहुतेक जण मोकळे सोडतात.