स्तंभ कोठे तोडावा

कोलकात्याला आकड्यांचे शास्त्र नवे नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, आणि विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात तेथे इंग्लंडहून आणलेला संगणक बसला. कार्डांच्या त्या युगात आकडे छिद्रांच्या रूपाने नोंदवले जात. रूढ कार्डावर ऐंशी स्तंभ असत आणि कोणत्या स्तंभात काय, हे आधीच ठरलेले असे. स्थान हाच अर्थ होता.

आज त्याच शहरात आज्ञावली लिहू लागलेल्या वाङ्मयाच्या एका मराठी विद्यार्थ्यापुढे साधी मजकुराची फाइल येते. प्रत्येक ओळीत पश्चिम बंगालमधील एका जिल्ह्याचे नाव, मग मोकळी जागा, मग २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या. त्याच्या डोळ्यांना दोन स्तंभ दिसतात. यंत्राला स्तंभ दिसत नाहीत. त्याच्यापाशी पोहोचते ती अक्षरांची अखंड रांग. म्हणून तो यंत्रास सांगतो: ओळ घे, मोकळी जागा येईल तेथे तोड, दुसरा तुकडा उचल आणि त्याची संख्या कर. ही शेवटची आज्ञा राहिली, तर १२ आणि ७ जोडून १२७ होतात. कारण फाइलमधला आकडाही मुळात अक्षरेच असतो.

हावडा, नदिया, कोलकाता सुरळीत उतरतात. पुढे 'साउथ २४ परगणा' येतो. या ओळीचे चार तुकडे पडतात आणि दुसरा तुकडा निघतो २४. यंत्र अडत नाही, तक्रार करीत नाही. ८१ लाखांहून अधिक माणसांच्या जागी चोवीस उरतात आणि बेरीज मुकाट्याने पुढे जाते.

१७५७ साली मीर जाफरने ईस्ट इंडिया कंपनीस जे चोवीस परगणे दिले, त्यांवरून हे नाव आले. तेथे संख्या केव्हाच नाम झाली आहे, हे बंगालमधील कोणीही जाणतो. परंतु ते ज्ञान फाइलमध्ये लिहिलेले नसते.

वस्तुतः हा प्रश्न वाचनाइतकाच जुना आहे. शाकल्याने ऋग्वेदाच्या संहितेची पदे वेगळी केली, तेव्हा कोठे तोडावे हा निर्णय म्हणजेच अर्थनिर्णय होता. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. दप्तर वाचणाऱ्यास गावांची, माणसांची आणि वहिवाटीची माहिती असावी लागे. परगणा हा शब्द त्याच्याही ओळखीचा होता.

विद्यार्थ्याला उपाय सापडतो, तो साधा आहे. मोकळ्या जागेऐवजी टॅब किंवा स्वल्पविराम ही सीमा मानावी, आणि प्रत्येक ओळीचे तुकडे मोजून ते दोनच नसतील तर यंत्राला थांबवावे. रिकाम्या रकान्याविषयी मात्र अधिक सावध राहावे लागते. जुन्या फोरट्रान भाषेत संख्येच्या रकान्यातील कोरी जागा शून्य म्हणून वाचली जात असे.

महालनोबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ च्या दुष्काळानंतर बंगालच्या खेड्यांत नमुना पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९४६ साली प्रसिद्ध झाले. अशा पाहणीत ओळ म्हणजे एक घर असते. त्या घराच्या जमिनीचा रकाना कोरा असेल, तर उत्तर मिळाले नाही असे समजावे, की जमीनच उरली नाही असे? यंत्र दोन्ही सारख्याच निष्ठेने वाचील. निवड वाचणाऱ्याने करावयाची आहे.